आधी राज्य मोठ्यांवर

मागच्या महिन्यात एका पाठांतर स्पर्धेला गेले होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायला उभी राहिली. 20 श्लोक. एकोणीस खणखणीत म्हटले, एका ठिकाणी अडखळली आणि तिचा दुसरा नंबर आला. बाहेर गाड्या लावतात तिथे तिची आई तिचा दंड धरून विचारत होती, ‘‘घरी शंभरदा म्हणून घेतलं, मग इथेच कशी अडखळलीस?’’ मुलगी खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होती.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला सांगितलं आहे की, ज्यांचा मान आणि मोह सुटला तेच त्या पदाला पोचतात. आईने तो अध्याय शंभर वेळा म्हणवून घेतला. एकदाही स्वतः ऐकला नाही.

या एका आईवर मला राग काढायचा नाही. तिच्यासारखे आपण घरोघर आहोत. मुलांना ग्रंथ शिकवायचा म्हटलं की आपण पाटावर बसवतो ते फक्त मुलांना. पाठ त्यांनी करायचं, वळण त्यांनी लावून घ्यायचं, खोटं त्यांनी बोलायचं नाही. आपण समोर बसून तपासायचं.

मुलांच्या खेळात एक फार चांगला शब्द आहे, राज्य. लपंडाव असो की पकडापकडी, पहिला प्रश्न एकच असतो, राज्य कोणावर? दुसरा शब्द आहे कच्चं लिंबू. सगळ्यांत धाकट्या पोराला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो पळतो, ओरडतो, आउट मात्र होत नाही. घरातल्या धर्मशिक्षणात आपण मोठ्या माणसांनी स्वतःला कच्चं लिंबू ठरवून टाकलं आहे. राज्य कायम मुलांवर. आणि मग आपणच तक्रार करतो की मुलं कंटाळतात. ज्या खेळात एकाच गड्यावर सहा-सात वर्षं राज्य राहतं, तो खेळ सोडून कुठलंही शहाणं मूल घरी निघून जाईल.

म्हणून माझं म्हणणं असं की घरी ग्रंथ शिकवायचा तर खेळ मांडावा. मुलांना गोडी लागावी एवढ्यासाठीच नव्हे. खेळात दान आजोबांचं वेगळं आणि नातवाचं वेगळं असं नसतं, त्यासाठी. उपदेश करताना बाप कधी हरत नाही, खेळात हरतो. बापाला हरताना पाहणं हाच मुलासाठी अर्धा धडा असतो.

आता सापशिडीकडे या. लुडोच्या पुठ्ठ्यामागे छापलेली असते ती तुम्ही-आम्ही सगळे खेळलो आहोत. 100 घरं, वर जायला शिड्या, शेवटच्या ओळीत दबा धरून बसलेला तो एक लांबलचक साप. त्या सापाला नाव काय? काहीच नाही. तो का गिळतो? घराचा आकडा तसा आहे म्हणून.

आपल्याकडे या सापांना नावं होती. मोक्षपट, ज्ञानचौपड, ज्ञानबाजी, असं कुठे काय म्हणत. महाराष्ट्रात परंपरा या खेळाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. संग्रहालयांत आज जे जुने पट दिसतात ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत, तेव्हा श्रेयाचा वाद अभ्यासकांनी करावा. पण पट होते आणि घरांत खेळले जात होते, याबद्दल वाद नाही. जैनांच्या पटात 84 घरं असत आणि पर्युषणाच्या दिवसांत तो पट मांडून खेळत. वैष्णवांच्या एका पटात 72 घरं. सूफींनीही आपला पट काढला होता. घराघराला नाव, सापाला नाव, शिडीला नाव. आणि शिड्यांपेक्षा साप जास्त, कारण माणूस चढतो कमी आणि घसरतो जास्त, हे पट काढणाऱ्यांना ठाऊक होतं.

1890 च्या दशकात हा खेळ इंग्लंडात बाजारात आला. तिथल्या लोकांनी आधी आपल्या नीतीतले गुण-दोष त्यावर लिहिले, साप आणि शिड्या सारख्या केल्या. पुढे नावंही गळाली आणि आकडे उरले. अमेरिकेत तर 1943 मध्ये सापच काढून टाकले आणि त्यांच्या जागी बागेतली घसरगुंडी आणली. मग तोच बिननावाचा पट आपण पैसे मोजून घरी आणला. त्याबद्दल मला इंग्रजांना बोल लावायचा नाही. त्यांनी पट नेला खरा, पण आपल्या हातातून पेन कुणी काढून घेतलं होतं?

म्हणून आमच्या घरी गेल्या मे महिन्यात आम्ही पेन घेतलं. भाचरं सुटीला आली होती, माझा मुलगा होता, समोरच्या दारची मुलगी होती. जुन्या कालनिर्णयाच्या पाठीमागे 49 घरं आखली. सापांना नावं कुठून आणायची? गीतेच्या सोळाव्या अध्यायातून. तिथे चौथ्या श्लोकात आसुरी संपत्तीचे 6 दोष सांगितले आहेत. ढोंग, माज, अभिमान, राग, कठोर बोलणं आणि अज्ञान. झाले सहा साप. त्याच्या आधीच्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे 26 गुण आहेत. त्यांतून मुलांनी पाच निवडले. निर्भयपणा घेतला, खरं बोलणं घेतलं, क्षमा घेतली, दान घेतलं. पाचव्याला थोरली भाची थबकली. ‘‘मावशी, अपैशुन म्हणजे काय?’’ म्हटलं, चुगली न करणं. ती दोन मिनिटं पुस्तकाकडे बघत राहिली. गीतेत चुगलीचा विचार केला असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. तिच्या शाळेत मैत्रिणींच्या दोन कंपूंत नुकतंच भांडण झालं होतं आणि ते कशावरून झालं हे तिला ठाऊक होतं. ती शिडी तिने स्वतः काढली, सगळ्यांत लांब.

या एका संध्याकाळी चार मुलांनी सोळाव्या अध्यायाचे पहिले चार श्लोक जितक्या बारकाईने वाचले, तितके मी एम.ए.ला असतानाही वाचले नव्हते. त्यांना सापाचं तोंड कुठे ठेवायचं ते ठरवायचं होतं. माज मोठा की अभिमान मोठा, यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी ज्ञानेश्वरी काढावी लागली. ज्ञानेश्वरांनी या एकेका शब्दासमोर किती दृष्टान्त मांडून ठेवले आहेत! पंडितांपेक्षा पोरांना ते लवकर कळतात, कारण त्यांत घर, गुरं, पाणी, झाड, आई असं ओळखीचं सगळं असतं.

फाशाऐवजी चार अर्धे चिंचोके घेतले. पांढरी बाजू जितकी वर, तितकं दान. नियम एकच जादा ठेवला, ज्याला साप गिळेल त्याने त्या नावाची आपली एक खरी गोष्ट सांगायची. नको असेल तर गप्प उतरायचं, कुणी जबरदस्ती करायची नाही. आणि सांगितलेल्या गोष्टीवरून नंतर कुणी कुणाला टोमणा मारायचा नाही.

हा नियम मुलांनी सहज मान्य केला. तोंडं उतरली ती मोठ्यांची.

पहिली मी सापडले, ढोंगाच्या सापाला. आदल्याच दिवशी घरात बसून एका नातेवाइकांना फोनवर ‘बाहेर आहे’ म्हणाले होते. मुलगा तेव्हा शेजारीच बसला होता. त्याला ते माहीत होतं, मला ते माहीत होतं, आणि आता त्याच्या तोंडासमोर मला ते बोलावं लागलं. तो हसला नाही. माझी सोंगटी त्याने स्वतः उचलून अलगद खाली ठेवली.

मग माझे सासरे कठोर बोलण्याच्या घरावर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. गप्प उतरतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘आमटीत मीठ जास्त झालं होतं. पाहुणे पानावर होते. तुमच्या आजीला सगळ्यांदेखत बोललो. ती काही बोलली नाही, आत गेली. माफी मागायची राहून गेली माझी.’’ सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग धाकटा भाचा म्हणाला, ‘‘आजोबा, आता तुमचं दान.’’

कठोर बोलू नये, हे वाक्य त्या मुलांनी शाळेच्या फळ्यावर, वहीच्या मलपृष्ठावर, हजार ठिकाणी वाचलं असेल. त्या संध्याकाळनंतर त्यांना ते पुन्हा सांगायची गरज मला वाटली नाही.

धाकट्या भाच्याची गोष्ट वेगळी. नऊ वर्षांचा. त्याला अभिमानाच्या सापाने लागोपाठ तीनदा गिळलं. तिसऱ्यांदा तो उसळला, ‘‘मी काहीच केलं नाही! चिंचोके तसे पडले. मग साप मलाच का?’’

काही पालक इथे घाईने म्हणतील, अरे खेळ आहे, रडीचा डाव खेळू नकोस. तसं म्हणू नका. त्याने विचारलेला प्रश्न रडीचा नव्हता. चांगलं वागूनही वाईट का वाट्याला यावं, हा माणसाने देवाला विचारलेला सगळ्यांत जुना प्रश्न आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाने तो कालनिर्णयाच्या मागच्या पानावर बोट आपटून विचारला. गीतेच्या 700 श्लोकांत प्रचलित मोजणीने 84 अर्जुनाचे आहेत. तो शंका काढतो, हट्ट करतो, तुमचं बोलणं मला गोंधळात टाकतंय असं श्रीकृष्णाला तोंडावर सांगतो. अर्जुनाने विचारलं नसतं तर गीता झाली नसती. आणि आपल्या घरच्या पाठांतरात मुलाला सगळे श्लोक असतात, प्रश्न एकही नसतो.

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. म्हटलं, तूच नियम बदल. मुलांनी डोकी एकत्र केली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला एकाऐवजी दोन सोंगट्या मिळाल्या. दान पडेल ते पडेल. पण कुठली सोंगटी पुढे काढायची ते आपण ठरवायचं. ‘‘म्हणजे आता साप चावला तर थोडं आपलंही चुकलं असेल,’’ असं तो म्हणाला. दैव आणि कर्म यांवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं नेमकं क्वचितच ऐकलं.

ग्रंथ म्हणजे काय खेळ आहे का, असं विचारणारे लोक मला भेटतात. त्यांनी तुकोबांची गाथा उघडावी. विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, टिपरी, फुगडी यांच्यावर तुकोबांचे अभंग आहेत. त्यांच्या आधी एकनाथांनी फुगडीची, पिंग्याची भारुडं रचली. अंगणात पोरं जे खेळत होती तेच उचललं आणि त्यातून देव सांगितला. वारीच्या वाटेवर विसाव्याला दोन म्हाताऱ्या बाया पदर खोचून फुगडी घालताना पाहिल्या आहेत तुम्ही? त्या काही देवाची थट्टा करत नाहीत. या मातीत ग्रंथ आणि खेळ यांच्यामध्ये भिंत नव्हतीच. ती आपण शिकल्यासवरल्यावर बांधली.

खेळाची वाईट बाजूही आपल्याच ग्रंथांनी सांगून ठेवली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे, घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाचं. महाभारतात तर एका पटापायी राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदीला भर सभेत ओढून आणलं. वाईट फासे नव्हते, वाईट होता तो त्यांवर लावलेला पण, म्हणजे पैज. म्हणून घरच्या खेळात पण नको. आणि पण म्हणजे फक्त पैसा नव्हे. अध्याय पाठ केलास तर सायकल, श्लोक म्हटलास तर चॉकलेट, पहिला आलास तर मोबाइल, हे सगळे पणच आहेत. ‘मनाचे श्लोक’ 205 आहेत. श्लोकाला एक चॉकलेट या हिशेबाने ते पाठ झालेल्या मुलाला तुम्ही मनाबद्दल काय शिकवलंत? त्याला दर कळला.

पाठांतराला माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट सांगते. माझं लहानपण परवच्यात गेलं. दिवेलागणीला पाढे, शुभंकरोती, रामरक्षा, मग कधी श्लोकांच्या भेंड्या. त्या भेंड्यांनी जिभेला जे वळण लावलं ते आजही उपयोगी पडतं. पण भेंड्यांत आई होती, काका होते, काठी टेकत आलेली शेजारची आजी होती, आणि ‘ळ’ आला की सगळेच अडायचे. स्पर्धेच्या माइकसमोर मूल एकटं अडतं.

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळे हा लेख लिहायला बसले.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही मुकाभिनयाचा खेळ करत होतो. संतांच्या गोष्टी, तोंडातून शब्द काढायचा नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव लगेच ओळखले गेले. काशीहून आणलेलं कावडीतलं पाणी तहानेल्या गाढवाला पाजणारे एकनाथही. गाढव होण्यासाठी तर भांडणं झाली. मुक्ताबाई, ज्ञानेश्वरांची पाठ आणि मांडे झाले. मग समोरच्या दारची मुलगी म्हणाली, मी चोखोबा होते.

मुलांनी हात धरून रिंगण केलं. ते देऊळ. आत माझा मुलगा कमरेवर हात ठेवून विठ्ठल. ती बाहेर उभी. तिने पहिल्यांदा हात जोडले, रिंगणाने माना हलवल्या. नाही. ती फिरून दुसऱ्या बाजूला गेली. नाही. तिसऱ्यांदा ती खाली बसली आणि नुसती बघत राहिली. हसणं थांबलं होतं. असं कडं करायच्या खेळांत मुलं ते तोडायला अंगावर जातात. ती गेली नाही. शब्द नसल्यामुळे ते बघणं फार लांबलं. आणि मग विठ्ठलच हातांच्या कड्याखालून वाकून बाहेर आला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

विठ्ठल चोखोबांकडे स्वतः आला, अशा कथा परंपरेत आहेत. माझ्या मुलाला त्या ठाऊक नव्हत्या. मी त्याला नंतर विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, ‘‘ती बाहेर आणि मी आत, मला कसंतरी झालं.’’

इतक्यात भाचीने विचारलं, ‘‘खरं देऊळ कधी उघडलं?’’ मी सांगितलं, 1947 मध्ये. साने गुरुजींनी मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा ते दार दलितांना उघडलं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंतीखाली गेले, ते परंपरेप्रमाणे 1338 साली. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. सातशे वर्षं होत आली, ते दाराशीच आहेत. दार उघडल्याच्या सालातून भाचीने वजाबाकी केली. 609. मग तिने मान वळवली आणि आजोबांना विचारलं, ‘‘1947 ला तुम्ही होतात?’’

‘‘होतो. सहा वर्षांचा.’’

‘‘मग तेव्हा आपल्या घरी कसं होतं?’’

माझी पहिली इच्छा झाली की विषय बदलावा. खेळता खेळता मुलं टाइमप्लीज म्हणतात तशी मूठ वळून उठावं, चहा टाकावा. सासऱ्यांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, ‘‘लाकडं फोडायला एक आजोबा यायचे. त्यांना पाणी वरून ओतायचे. ओंजळीत. भांडं देत नसत. मला ते चूक वाटायचं नाही, कारण सगळे तसंच करत. एकदा मी त्यांचा हात धरला म्हणून मला अंघोळ घातली होती.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘त्यांचं नाव मला माहीत नाही. कधी विचारलं नाही.’’

समोरची मुलगी तिथेच बसली होती. तिच्या घरचा इतिहास त्या ओंजळीच्या बाजूचा आहे की भांड्याच्या, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं आणि त्या दिवशीही विचारलं नाही. ती म्हणाली, ‘‘माझ्या आजीला विचारीन मी.’’ दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन आली. दोन्ही म्हातारी माणसं दुपारभर बोलत बसली. काय बोलली ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

चोखोबांचा अभंग शाळेच्या पुस्तकात असतो. त्याखाली स्वाध्याय असतो, एका वाक्यात उत्तरं लिहा. मुलं लिहितात आणि मार्क मिळतात. राज्य मुलांवरच राहतं. त्या घरातल्या, त्या गावातल्या मोठ्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही कड्याच्या आत होता की बाहेर, आणि आत होता तर हात सोडले का. अभंग तोच आहे, पण कडं करून उभं राहिल्याखेरीज तो हाताला लागत नाही.

ग्रंथ लोकांच्या हाताला कसा लागतो, हे गोव्यात ख्रिस्ती धर्मप्रसारक फादर स्टीफन्सना चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. देवाची गोष्ट लोकांच्या कानात बसायची तर ती त्यांच्या जिभेवर आधीपासून असलेल्या ओवीतच सांगायला हवी. म्हणून 1616 मध्ये राचोलला त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापलं गेलं. आमच्याच इमारतीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने तेच लपंडावाबाबत केलं आहे. आपल्या नेहमीच्या लपंडावात जो पहिला सापडतो त्याच्यावर राज्य येतं. त्यांच्या घरी लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या हरवलेल्या मेंढराचा डाव खेळतात. लपतो एकच, बाकीचे सगळे मिळून शोधतात आणि तो सापडेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही. सापडला की भांडी वाजवतात. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मुद्दाम सोप्या जागी लपतो. त्याला जिंकायचं नसतं, त्याला त्या भांड्यांचा आवाज ऐकायचा असतो. नव्याण्णव सोडून एकाच्या मागे कुणी का जावं, हे त्या पोराला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, छान, करू. थांबा. घरी खेळ मांडण्याआधी दोन-चार गोष्टी नीट ऐकून घ्या.

खेळात उपदेश घुसडू नका. साप चावल्यावर ‘बघ, म्हणून मी सांगत असते’ एवढं वाक्य तुमच्या तोंडून बाहेर पडलं की मुलाला कळतं, खेळ नव्हता, सापळा होता. दुसऱ्यांदा ते बसणार नाही आणि बसू नयेच. क्विझ हा खेळ मानू नका. कुंतीच्या तिसऱ्या मुलाचं नाव सांगता आलं म्हणून महाभारत कळत नाही. दुसऱ्याचा धर्म जिथे हरतो असा कुठलाही खेळ घरात आणू नका. तसे व्हिडिओ आणि तसे खेळ आता मोबाइलवर येऊ लागले आहेत, ते मुलाच्या हातातून शांतपणे काढून घ्या आणि का काढले ते सांगा. ॲपवर संस्कार सोपवू नका, वर्गावरही नाही. वर्गातल्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी आमटीतल्या मिठाची गोष्ट त्या सांगू शकत नाहीत. ती तुमच्याच घरात आहे.

वेळ नाही, हे मला सांगू नका. संत-गाव-समाधी-ग्रंथ हा नाव-गाव-फळ-फुलासारखा डाव रांगेत उभं राहूनही होतो. ‘स’ आला तर सोपानदेव, सासवड. ‘ग’ आला तर गोरोबा आणि त्यांचं तेर. ‘अ’ आला की सावता माळ्याचं अरण मीच नेहमी विसरते. पाच मिनिटांत सगळा महाराष्ट्र फिरून होतो, आणि लक्षात येतं की आपल्या संतांपैकी कुणी मडकी घडवत होता, कुणी मळा राखत होता, कुणी दळत होती.

पटाला काही पैसे पडत नाहीत. जुनं कॅलेंडर, चिंचोके, पेन, सोंगट्यांना चार रंगांची बटणं. ग्रंथ तुमच्या घरात जो असेल तो, गीता, गाथा, बायबल, कुराण, धम्मपद. त्यातले दोष आणि गुण मुलांना शोधू द्या, नावं त्यांना लिहू द्या. तुम्ही फक्त मांडी घालून खाली बसा. खुर्चीवरून पट दिसतो, खेळता येत नाही.

आमचा पट आता मळला आहे. मधली घडी फाटायला आली म्हणून पाठीमागून चिकटपट्टी लावली आहे. रागाच्या सापाचं तोंड बोटांनी घासून जवळजवळ पुसलं गेलंय, त्यावरून कळतं की या घरात कुठला साप जास्त चावतो. सुटी संपून भाचरं गेली, तरी शनिवारी संध्याकाळी पट निघतो. समोरची मुलगी येते, आता तिची आजीही येते. त्यांची सोंगटी हिरवी.

गेल्या शनिवारी पट उघडला तर त्यावर एक नवी शिडी होती. पेन्सिलीने काढलेली, थोडी वाकडी, कठोर बोलण्याच्या सापाच्या शेपटीपासून निघून थेट तीन ओळी वर जाणारी. सोळाव्या अध्यायातल्या 26 गुणांत ते नाव नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘उशिरा मागितलेली माफी’. कुणी काढली हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चिंचोके फिरले, माझ्या मुलाचं दान झालं, आजींचं झालं. सासऱ्यांनी दान टाकलं, तीन पडले. त्यांनी आपल्या दोन सोंगट्यांकडे बराच वेळ पाहिलं. एक पुढे नेली तर वर शेवटच्या ओळीत पोचत होती. त्यांनी ती तिथेच ठेवली आणि मागची उचलली.